चाच्यांच्या काळातलं चामडं आणि लाकूड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते, माहेर कोल्हापूरचं. आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवारी अठराव्या शतकातली खलाशीण, असा आमच्या गटाचा उद्योग आहे; त्या काळचे कपडे आणि सामान वापरून तो काळ पुन्हा उभा करायचा, यालाच रीइनॅक्टमेंट म्हणतात. गटात पट्टे, पेट्या, प्याले, वाडगे करायचं काम बरंचसं माझ्याकडे असतं. त्यामुळे भारतातून, दुबईहून, अमेरिकेतून मराठी मंडळींचे तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून टाकते.

नेमका कोणता काळ धरायचा?

साधारण १६९० ते १७२५. चाचेगिरीचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. या ३५ वर्षांत बऱ्याच गोष्टी बदलल्या, म्हणून मी सगळ्यांना एकच वर्ष निवडायला सांगते. आमच्या गटाने १७१८ धरलं आहे. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला ब्लॅकबिअर्ड हा नामांकित चाचा नॉर्थ कॅरोलायनाच्या ओक्राकोक बेटाजवळ मारला गेला. एकदा वर्ष ठरलं की निम्मे वाद आपोआप मिटतात. 'हे तेव्हा होतं का?' एवढाच प्रश्न उरतो.

चाच्यांचा स्वतःचा असा वेश होता का?

नव्हता. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. चाचा म्हणजे काल-परवापर्यंत व्यापारी जहाजावर किंवा नौदलात राबलेला खलाशी. त्याच्या अंगावर खलाशाचेच कपडे असत, त्यात लुटीतला एखादा कोट किंवा रेशमी रुमाल मिसळलेला. आपल्या डोळ्यांपुढचा चाचा म्हणजे कमरेला रंगीत शेला, डोक्याला फडकं, कानात बाळी. ती प्रतिमा पक्की केली ती प्रामुख्याने हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. स्पॅनिश दरोडेखोरांच्या पेहरावावरून त्याने बरंच उचललं. चित्रं सुंदरच आहेत, पण त्यांच्यावरून पट्टा शिवायला बसू नका.

सामान्य खलाशी काय घालत होता याचा एक चोख कागद उपलब्ध आहे. १७०६ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने खलाशांना विकायच्या कपड्यांचं कंत्राट दिलं, त्यात प्रत्येक वस्तूचं वर्णन आहे. लाल अस्तराचं आणि पितळी बटणांचं करडं जाकीट. लिननचं अस्तर आणि चामड्याचे तीन खिसे असलेली, गुडघ्यापर्यंतची विजार. पुढून लाल कापड लावलेली, आत काळं अस्तर असलेली चामड्याची टोपी. दुहेरी तळव्याचे, गोल टोकाचे बूट. लोखंडी जिभेची पितळी बकलं.

यादीतलं चामडं मोजून बघा. बूट, टोपी, खिसे, बस्स. चामड्याचं जाकीट नाही, मनगटावर चामडी पट्टे नाहीत, मांडीपर्यंतचे बूट तर नाहीतच. विजारीला चामड्याचे खिसे मात्र आज वेश करणारं कुणीच लावत नाही. कापडी खिशात चाकू, दाभण, तंबाखूची डबी कोंबली की महिनाभरात भोक पडतं, आणि शिडावर चढताना भोकातून पडलेला चाकू खालच्याच्या डोक्यात जातो. खिसे चामड्याचे का असावेत हे त्यावरून कळतं. नव्या माणसाला मी पहिल्यांदा हे खिसेच शिवायला लावते.

पुरावा कुठे बघायचा?

बुडालेल्या जहाजांत. सॅम बेलमी या चाच्याचं 'व्हिडा' २६ एप्रिल १७१७ च्या वादळात केप कॉडजवळ बुडालं आणि १९८४ मध्ये सापडलं. पुढल्या वर्षी जहाजाचं नाव आणि १७१६ साल कोरलेली घंटा वर आली, त्यामुळे ओळखीबद्दल शंका राहिली नाही. त्यात एका लहान मुलाच्या पायाचं हाड, रेशमी मोजा आणि बूट निघाला. ब्लॅकबिअर्डचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' जून १७१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टच्या खाडीमुखाशी वाळूत रुतलं आणि १९९६ मध्ये सापडलं. जमैकातलं पोर्ट रॉयल ७ जून १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेलं. तिथल्या उत्खननात कथील-शिशाची भांडी आणि मातीच्या चिलमी भरपूर मिळाल्या.

चामड्या-लाकडासाठी थोडं आगेमागे बघावं लागतं. स्टॉकहोमचं 'व्हासा' (१६२८) आपल्या काळाच्या खूप आधीचं आहे, पण खलाशांच्या पेट्या, लाकडी चमचे, बूट असा इतका ऐवज एका जागी दुसरीकडे सहसा मिळत नाही. टेक्ससच्या किनाऱ्यावर १६८६ मध्ये बुडालेलं फ्रेंच जहाज 'ला बेल' काळाला आणखी जवळचं. तीस-चाळीस वर्षांत वाडग्याचा आकार फारसा बदलत नाही, बुटाचं टोक मात्र बदलतं. कुठे सूट घ्यायची आणि कुठे नाही, ते यावरून ठरवा.

कोणतं चामडं घेऊ?

झाडाच्या सालीने कमावलेलं. युरोपात त्या काळी मुख्यतः ओकची साल वापरत. क्रोम टॅनिंग, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावणं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे, आणि आजच्या बाजारातलं बहुतेक मऊ, लवचीक चामडं त्याच पद्धतीचं असतं. सोफा, पर्स, जाकीट, सगळं क्रोमचं. ते ओलं करून साच्यावर बसवता येत नाही, कडा घासून चकचकीत होत नाहीत, आणि कापल्यावर मधला थर बहुतेक वेळा निळसर-करडा दिसतो.

जाडीचं गणित सोपं आहे. कमरपट्ट्याला ३.५ ते ४ मिलिमीटर, पेटीच्या झाकणाला २.५, खिशांना १ ते १.५.

मग कोल्हापुरी चपलेचं चामडं चालेल का?

चालेल, आणि हा प्रश्न आला की मी खूश होते. कोल्हापूरकडे चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. ओक नसला तरी रसायन त्याच घरातलं, टॅनिनचं, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचं. तळव्याचं जाड चामडं पट्ट्याला आणि प्याल्याच्या बुडाला उत्तम. फरक एवढाच की आपल्याकडे ते बहुधा म्हशीचं असतं, त्याचा दाणा इंग्लंडच्या बैलाच्या चामड्यापेक्षा भरड दिसतो. चार फुटांवरून कुणाला कळत नाही. दोन फुटांवरून कळणारा माणूस आमच्या गटात एकच आहे, आणि त्याला काहीच पसंत पडत नाही.

विकत घेताना मात्र 'अस्सल लेदर' या शब्दांवर विसंबू नका. क्रोमचं चामडंही अस्सलच असतं. एकदा ऑनलाइन मागवलेला अख्खा तुकडा क्रोमचा निघाला, आणि ते मला पट्टा कापून झाल्यावर कळलं. तेव्हापासून पुढची चाचणी केल्याशिवाय मी सुरी लावत नाही.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

काचेच्या बरणीत व्हिनेगर घ्या आणि गंजलेले खिळे किंवा तेलाचा अंश नसलेला लोखंडी काथ्या टाका. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. आठवड्याभरात पाणी मळकट, तांबूस-करडं होतं. त्याचा एक थेंब चामड्याच्या मागच्या बाजूला सोडा. सालीने कमावलेलं असेल तर डोळ्यांदेखत तो थेंब आधी करडा, मग जांभळट आणि मिनिटभरात काळा होतो. क्रोमचं असेल तर नुसता ओला डाग पडतो.

म्हणजे काळा रंगही यानेच द्यायचा?

हो. हा वरून चढवलेला रंग नसून टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून चामड्यातच काळेपणा तयार होतो, म्हणून तो घासून जात नाही. ओकच्या लाकडावरही तसाच चढतो. दोन हात पुरतात. मग पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पुसून घ्या, नाहीतर उरलेलं आम्ल चामडं हळूहळू खातं. वाळल्यावर तेल किंवा चरबी चोळा, कारण काळं केलेलं चामडं कोरडं पडून तडकतं. ताजं असताना हे पाणी हाताला लागलं तर नखांच्या कडा दोन-तीन दिवस काळ्या राहतात. सोमवारी मीटिंग असेल तर हातमोजे घाला.

शिवण मशीनवर घातली तर?

कळतं. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा धागा मध्ये एकमेकांत अडकतात. हाताच्या शिवणीत एकाच धाग्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

धागा लिननचा (जवसाच्या झाडाच्या तंतूंचा) किंवा हेंपचा, मेणात ओढलेला. मेण मधमाशीचं, त्यात थोडी राळ घातली की पकड वाढते. भोकं आरीने पाडायची. शंकरपाळ्याच्या आकाराच्या धारेची आरी घ्या, गोल नको. इंचाला सात-आठ टाके पट्ट्यांना पुरे. त्या काळचे चांभार धाग्याच्या टोकाला सुईऐवजी डुकराचा राठ केस वळत, बुटाच्या वाकड्या भोकांतून तो सहज जातो. मी महिनाभर प्रयत्न केला आणि मग बोथट सुया घेतल्या. प्रेक्षक सुई बघत नाहीत, टाका बघतात.

बूट कसे असावेत?

पहिली गोष्ट, डावा-उजवा नसतो. दोन्ही बूट एकाच सरळ साच्यावर केलेले आणि घालून घालून पायाचा आकार घेतलेले. दुसरी गोष्ट, पायाच्या वरून येणारे दोन चामडी पट्टे बकलात अडकतात. बकल तेव्हा जुनं झालेलं होतं; लंडनच्या सॅम्युअल पीप्सने आपल्या रोजनिशीत बुटांना पहिल्यांदा बकल लावल्याची नोंद जानेवारी १६६० मध्येच केली आहे. बकलाची चौकट पितळी आणि जीभ लोखंडी ठेवा. टाच चामड्याचे थर एकावर एक रचून केलेली.

गुडघ्यावर फाकलेले बूट घोडेस्वारांचे. ते घालून ओल्या दोरखंडावर चढून दाखवा, मग बोलू. कामावरचा खलाशी अनवाणीसुद्धा असे.

तलवारीचा पट्टा खांद्यावरून की कमरेला?

१७१८ साठी कमरेला. खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा सतराव्या शतकाचा थाट आहे, आपल्या काळात तो मागे पडत चालला होता. कमरपट्टा ४ सेंटिमीटर रुंद, त्याला म्यान अडकवायची चामडी झोळी, एवढं पुरे. ताटलीएवढं बकल नको. क्रोमचा मुलामा विसाव्या शतकातला आहे. साधं ओतीव पितळ किंवा काळं लोखंड घ्या.

म्यान दोन प्रकारे होते. नुसतं चामडं, ओलं करून पात्यावर शिवलेलं, किंवा आत पातळ लाकडी पट्ट्या आणि वरून चामडं. पहिल्या प्रकारात पात्याला आधी प्लास्टिकची फिल्म गुंडाळा. ओल्या टॅनिनने लोखंडाचं काय होतं ते वर वाचलंच आहे. पातं आणि म्यान दोन्ही काळी होतात.

पात्याबद्दल एक सूचना. इंग्लंड आणि वेल्समध्ये ५० सेंटिमीटरपेक्षा लांब वाकड्या पात्याच्या तलवारींवर २००८ पासून निर्बंध आहेत, रीइनॅक्टमेंटसाठी सवलत आहे. भारतात ९ इंचांहून लांब धारदार पात्याशी शस्त्र कायद्याचा संबंध येतो. सरावाला लाकडी पातं करा. ॲशचं उत्तम, भारतात बाभूळ.

पिस्तुलं किती लावायची?

एक. फार तर दोन. ब्लॅकबिअर्डने खांद्यावरच्या पट्ट्याला तीन जोड्या लटकावल्याचं वर्णन १७२४ मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या चरित्रांत आहे, पण तो ब्लॅकबिअर्ड होता आणि लोकांनी घाबरावं हाच त्याचा हेतू होता. त्याच पुस्तकात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सची पिस्तुलं खांद्यावरून घेतलेल्या रेशमी पट्टीच्या टोकांना बांधलेली आहेत, आणि चाच्यांची हीच रीत असल्याचं तिथे म्हटलं आहे. मला रेशमी पट्टीच आवडते. एक गोळी झाडली की पिस्तूल हातातून सोडून द्यायचं आणि दुसरं धरायचं, पहिलं डेकवर पडत नाही. चामडी होल्स्टर शिवायचे चार तास वाचतात ते वेगळंच.

चामड्याची तिकोनी हॅट?

जत्रेत विकतात, घेऊ नका. ती हॅट लोकरीच्या किंवा बीव्हरच्या केसांच्या नमद्याची असे. चामडंच हवं असेल तर १७०६ च्या यादीतली टोपी करा. फोटोत ती तेवढी रुबाबदार दिसत नाही, म्हणून कुणी करत नाही आणि म्हणूनच जाणकारांचं लक्ष पहिल्यांदा तिच्याकडे जातं.

चामड्याचा प्याला खरंच गळत नाही?

नीट केला तर नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मोट, पखाल, तेला-तुपाचा बुधला ही सगळी चामड्याचीच भांडी. इंग्रजी प्याला बाहेरून काळा, आतून राळेचा लेप दिलेला.

अंगासाठी ३ मिलिमीटरचा एक तुकडा, मुठीच्या जागी दोन-तीन थर. शिवून झालं की कोमट पाण्यात भिजवा, आत कोरडी वाळू ठासून भरा आणि चमच्याच्या पाठीने आकार द्या. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. मग वाळू काढून आतून लेप, मधमाशीचं मेण किंवा चीडची राळ आणि मेण यांचं मिश्रण. पाण्यावर ठेवलेल्या भांड्यातच वितळवा, थेट आचेवर नको. मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याहून फार तापवायची गरज नसते. माझा दुसरा प्याला मी उतावळेपणाने थेट गॅसवर तापवलेल्या मेणाने भरला. चामडं चुरचुरलं आणि बघता बघता पोह्याच्या पापडासारखं आकसून वाकडं झालं. तो अजून खिडकीत आहे, त्यात पेन्सिली ठेवते.

रस्त्याचं डांबर वापरू नका, ते विषारी आहे. प्याल्यात चहा ओतू नका, लेप वितळतो. बिअर, ताक, पाणी चालतं, दारू कडक असेल तर राळ विरघळू लागते.

काडतुसांची पेटी कशी करायची?

चामडं आणि लाकूड दोन्ही लागणारी ही वस्तू मला सगळ्यांत जवळची आहे. १७०० पर्यंत खांद्यावरच्या पट्ट्याला लटकणाऱ्या लाकडी कुप्यांची पद्धत जुनी झाली होती. कागदी काडतुसं पोटावरच्या पेटीत असत. पेटी म्हणजे भोकं पाडलेला लाकडी ठोकळा आणि वरून चामड्याचं झाकण.

मी बारा भोकांची करते, सहाच्या दोन ओळी. ठोकळा बीच लाकडाचा, १९० मिलिमीटर लांब, ६८ रुंद, ७० उंच. भोकं २० मिलिमीटरची, ६० खोल, दोन भोकांत ८ मिलिमीटर भिंत. आधी भोकं पाडा, आकार नंतर द्या. वाकडा ठोकळा यंत्राखाली धरता येत नाही. मग पोटाकडची बाजू अर्धगोल रंध्याने आत घ्या, पण ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मागच्या भोकांची भिंत फुटते. हे मोजमाप पाठ आहे कारण एकदा ती फुटली आहे.

झाकणाचं चामडं ठोकळ्याच्या मागच्या बाजूला सुरू होतं, वरून येतं आणि पुढे जवळजवळ तळापर्यंत लोंबतं. पाऊस आणि ठिणग्या दोन्ही अडवायच्या असतात. ओलं करून बसवायचं, मागे छोट्या लोखंडी चुका ठोकायच्या. माझ्या पहिल्या पेटीचं झाकण मी ओलं असतानाच बरोबर मापात कापलं. सकाळी बघते तर ते आकसून कोपरे उघडे पडलेले. आता दोन बोटं जास्त ठेवते आणि वाळल्यावर रापीने छाटते. बंद करायला चामड्याची वादी आणि पितळी गुंडी. चुंबकी बटण दिसलं तर आमच्यातला तो न पसंत पडणारा माणूस नुसता बघतो, बोलत नाही.

चुका ठोकल्या तिथे आठवड्याभरात काळी वलयं उमटतात. लोखंड आणि टॅनिन, पुन्हा तेच. ती पुसू नका.

वाडगा आणि पेटीसाठी कोणतं लाकूड?

वाडगा कातलेला असावा. युरोपात ॲश, बीच, सिकामोर, आल्डर. भारतात करायचा तर आंबा किंवा हळदू. सावंतवाडीच्या कातारींकडून करून घेतला तर फारच छान, फक्त लाखेचा रंग नको असं आधीच सांगा, नाहीतर ते आवडीने लाल-पिवळा चढवून देतील. शेवटी जवसाचं तेल. दुकानातल्या 'बॉइल्ड' जवस तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार असतात, जेवणाच्या भांड्याला ते लावू नका. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

खलाशाची पेटी पाइनच्या सहा फळ्यांची, बाजू सरळ. खाली रुंद आणि वर निमुळती पेटी दिसायला जास्त 'दर्यावर्दी' वाटते, पण तिची बहुतेक उदाहरणं एकोणिसाव्या शतकातली. कोपऱ्यांना डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांचा) सांधा जमला तर उत्तम, नाहीतर खाच पाडून खिळे. दोन्ही बाजूंना दोराच्या मुठी. प्लायवूड नको, चौफुलीच्या खाचेचे स्क्रू तर नकोच, ते १९३० च्या दशकातले. बाहेरून गेरू आणि जवसाचं तेल. जुन्या घराच्या ओसरीचा रंग डोळ्यांपुढे आणा, तोच.

पॉलिशपेपरने गुळगुळीत करू नका. रंध्याचे हलके पट्टे राहू द्या, फळी हाताने केली हे त्यांच्यावरूनच कळतं.

लाकडी पायाचा चाचा खोटा ना?

नाही, हा खरा आहे. सोळाव्या शतकातला फ्रेंच फ्रांस्वा ल क्लेर आणि सतराव्या शतकातला डच कोर्नेलिस योल, दोघांचं टोपणनावच 'लाकडी पाय'. आणि एक प्रसंग तर मुंबईशी जोडलेला. १७२० मध्ये मुंबईकडे निघालेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 'कसँड्रा' जहाज कोमोरोसच्या जोहाना बेटाशी चाच्यांनी पकडलं. कप्तान जेम्स मॅक्रे वाटाघाटीला त्यांच्या जहाजावर गेला तेव्हा त्याला मारायचं की सोडायचं यावर वाद पेटला. अंगभर पिस्तुलं खोचलेला, भल्या मोठ्या मिशांचा, लाकडी पायाचा एक चाचा पुढे आला आणि 'मी याच्या हाताखाली काम केलंय, माणूस भला आहे' म्हणून त्याच्या बाजूने उभा राहिला. मॅक्रे सुटला, मुंबईला पोचला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

करायचा असेल तर गुडघा दुमडून टेकायची खोबण असलेला खुंट करा, वर चामडी पट्टे. दहा मिनिटांपेक्षा जास्त घालू नका, गुडघा सुजतो.

डोळ्यावरची पट्टी? आकडा लावलेला हात?

नको.

बायकांनी काय घालावं?

ॲन बॉनी आणि मेरी रीड यांच्यावर नोव्हेंबर १७२० मध्ये जमैकात खटला चालला. त्यांनी लुटलेल्या एका बाईने साक्ष दिली की दोघींच्या अंगात पुरुषी जाकिटं आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते आणि हातात एकेक रुंद सुरा आणि पिस्तूल होतं. म्हणजे डोक्याचा रुमाल आपल्याला चालतो, साक्षीसकट. चामड्याची कंचुकी कुणी विकायला आलं तर ही साक्ष वाचून दाखवा.

वस्तू जुनी दिसावी म्हणून काय करावं?

वापरा. कानशीने घासून, चहात बुडवून केलेलं जुनेपण सगळीकडे सारखंच दिसतं. खरा पट्टा ठरावीक भोकाशी वाकतो, पेटीचं झाकण एकाच कोपऱ्यात काळवंडतं. शिवाय १७१८ मध्ये ती वस्तू तीनशे वर्षं जुनी नव्हती. ती नवीही असू शकते, लुटीतली तर नक्कीच.

कान्होजी आंग्रे यांचं पथक करताना हेच सामान चालेल का?

नाही. कंपनीच्या पत्रांत त्यांना चाचा म्हटलं आहे, पण ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते आणि समुद्रात जायचे परवाने देत होते. परवाना न घेणारा त्यांना जसा दिसे तसे ते कंपनीला दिसले. त्यांच्या गुराबा-गलबतांवरच्या माणसांचं सामान हा वेगळा अभ्यास आहे, त्यांना इंग्रज खलाशाचे बूट घालू नका.

हिंदी महासागरातला चाचाच हवा असेल तर खुशाल करा. हेन्री एव्हरीने १६९५ मध्ये मोख्याहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ई-सवाई' लुटलं, विल्यम किडने १६९७ मध्ये कारवारला नांगर टाकला. अशा माणसाचे पट्टा-बूट वर सांगितले तसेच, वर गुजराती छापील सुती कापडाचा रुमाल किंवा सदरा. ते कापड लुटीत सापडणं अगदी साहजिक होतं.

पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, काय करू?

कोकण-मुंबईकडून दर जुलैत हा प्रश्न येतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून वारं लागेल असं टांगा. आलेली बुरशी बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, सौम्य व्हिनेगरने पुसा, सावलीत वाळवा आणि मग अगदी थोडं तेल. तेल जास्त झालं की बुरशी परत येते. भिजलेले बूट हीटरजवळ ठेवून चालत नाही, चुलीजवळही नाही. वर्तमानपत्राचे बोळे भरून दोन दिवस विसरून जा.

एकच वस्तू करायची तर पहिली कोणती?

विजारीचा चामडी खिसा. एक मिलिमीटरचं बकरीचं किंवा वासराचं चामडं, दोन तुकडे, तीन बाजूंनी शिवण, तोंडाशी लिननच्या कापडाची पट्टी, म्हणजे विजारीला जोडता येतो. एका संध्याकाळचं काम. पहिला वाकडा होईल, तो आतल्या बाजूला लावा. यादीप्रमाणे तीन लागतातच.